रोझ व्हालाँ आणि नाझींनी लुटलेली चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी वाचनालयांत आणि शाळांमध्ये ही गोष्ट सांगते आहे. गोष्ट संपली की हात वर होतात आणि बहुतेक तेच ते प्रश्न येतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळी उत्तरं सविस्तर लिहूनच काढावीत.

ही खरी गोष्ट आहे की कादंबरी?

खरी. एक बाई शत्रूच्या नाकासमोर चार वर्षं हेरगिरी करते. लुटारूंमध्ये हिटलरच्या खालोखालचा माणूस स्वतः असतो. घबाड डोंगराच्या पोटात, मिठाच्या खाणीत दडवलेलं असतं आणि शेवटी एक मालगाडी शहराबाहेर पडते की नाही यावर सगळं अडून राहतं. कादंबरीत हे वाचलं असतं तर लेखकानं जरा जास्तच ताणलं, असं आपण म्हटलं असतं. पण हे घडलं पॅरिसमध्ये, १९४० ते १९४४ या काळात, आणि त्याच्या नोंदी, याद्या, छायाचित्रं आजही शाबूत आहेत.

रोझ व्हालाँ कोण होत्या?

फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या इझेर जिल्ह्यात, एका छोट्या गावात १ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लोहारकाम करायचे. घरात चित्रकलेचा वारसा नाही, पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत. शिष्यवृत्त्यांवर लिऑनला आणि मग पॅरिसला शिकल्या आणि १९३२ पासून पॅरिसच्या 'झ्य द पोम' या संग्रहालयात काम करू लागल्या. काम म्हणजे काय, तर बिनपगारी मदतनीस! शिक्षण भरपूर, हुशारी निर्विवाद, पण पगारावर घेतलं ते १९४१ मध्ये. तोवर नऊ वर्षं त्या फुकट राबल्या.

फोटोत पाहा : गोल चष्मा, मागे बांधलेले केस, साधा कोट. खोलीत आल्या तरी कुणी मान वर करून बघणार नाही, असं रूप. पुढे याच गोष्टीनं त्यांचा जीव वाचवला.

नाझींना चित्रं कशाला हवी होती?

हिटलरला ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात, जिथे त्याचं पोरपण गेलं तिथे, जगातलं सर्वांत मोठं संग्रहालय उभारायचं होतं. हिटलरच्या खालोखालचा माणूस म्हणजे गोअरिंग; त्याला स्वतःच्या महालाच्या भिंती भरायच्या होत्या. हे झालं हौसेचं कारण. त्यामागे आणखी एक कारण होतं आणि ते जास्त भयंकर होतं. ज्यांना संपवायचं त्यांच्या घरात त्यांची एकही खूण उरू द्यायची नाही.

या लुटीसाठी खास खातंच उघडलं होतं. आल्फ्रेड रोझेनबेर्ग या नाझी पुढाऱ्याच्या नावानं ते चाले. आपण त्याला 'रोझेनबेर्ग पथक' म्हणू. त्यांचा युक्तिवाद असा : देश सोडून पळालेल्या ज्यूंचं नागरिकत्व गेलं, म्हणून त्यांची मालमत्ता बेवारस, आणि बेवारस माल सरकारजमा. आधी माणसाला घराबाहेर काढायचं आणि मग घराला मालक नाही म्हणायचं! हे सांगताना दर वेळी माझा आवाज चढतो आणि तो चढू नये असं मला वाटत नाही.

'झ्य द पोम'मध्ये नेमकं काय चालायचं?

ट्युइलरी बागेच्या कोपऱ्यावरची ही लांबट इमारत मुळात टेनिससारख्या एका जुन्या खेळासाठी बांधलेली. ऑक्टोबर १९४० च्या शेवटी रोझेनबेर्ग पथकानं ती ताब्यात घेतली आणि लुटीचं कोठार केलं. ट्रक यायचे, पेट्या उतरायच्या, चित्रांना क्रमांक पडायचे, फोटो निघायचे, वाटणी व्हायची आणि माल जर्मनीला रवाना व्हायचा. चार वर्षांत सुमारे २२ हजार वस्तू, दोनशेहून जास्त संग्रहांमधून उचललेल्या, या एका छपराखालून गेल्या.

गोअरिंग विसेक वेळा इथे येऊन गेला. त्याच्यासाठी चित्रं मांडून ठेवायचे, जणू खासगी प्रदर्शनच. तो बोट दाखवेल ते त्याच्या गाडीत चढायचं.

मागच्या बाजूला एक खोली होती, दाराशी पडदा लावलेली. नाझींना 'विकृत' वाटणारी आधुनिक चित्रं, म्हणजे मातीस, पिकासो, ब्राक, या खोलीत दाटीवाटीनं टांगलेली असत. व्हालाँबाई तिला 'शहिदांची खोली' म्हणायच्या. भिंतीवर लटकवून त्यांचा अपमान करायचा आणि वेळ आली की जुन्या चित्रांच्या बदल्यात दलालाला देऊन टाकायची. एका सौद्यात अकरा आधुनिक चित्रं गेली आणि त्यांच्या बदल्यात जुन्या वळणाची फक्त दोन आली.

त्यांनी हेरगिरी केली म्हणजे नेमकं काय केलं?

हा माझा सर्वांत आवडीचा प्रश्न. कारण या हेराकडे पिस्तूल नव्हतं, बिनतारी यंत्र नव्हतं, खोटं नाव नव्हतं. पेन्सिल होती आणि स्मरणशक्ती होती.

फ्रेंच संग्रहालय खात्याचे प्रमुख झाक झोझार यांनी त्यांना सांगितलं : काहीही करून तिथे टिकून राहा आणि काय चाललंय ते मला कळव. एवढाच हुकूम. जर्मनांनी बाकीच्या फ्रेंच लोकांना हाकललं, पण इमारतीची निगा, पहारेकरी, पाणी-वीज पाहायला कुणीतरी लागतंच. व्हालाँबाई तेवढ्यापुरत्या राहिल्या. त्यांना जर्मन कळतं याचा जर्मनांना पत्ता नव्हता. अधिकारी त्यांच्यासमोर खुशाल बोलायचे : कुठली पेटी कुठे, कुठली गाडी कधी, कोणता माल कुणाला. बाई खाली मान घालून ऐकायच्या आणि घरी जाऊन लिहून काढायच्या. चित्रकाराचं नाव, कुणाच्या घरातून आणलं ते नाव, पेटीवरच्या खुणा, जायचं ठिकाण.

कचऱ्याची टोपली ही त्यांची खाण होती. टंकलेखन करताना खाली घातलेला कार्बन कागद जर्मन लोक चुरगाळून टाकायचे. तो उजेडाला धरला की अख्खं पत्र उलटं का होईना, पण वाचता येतं. रात्री जर्मनांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह नेऊन त्यांच्या प्रती काढायच्या आणि सकाळी कुणी यायच्या आत जागच्या जागी ठेवायच्या. मिळालेली माहिती झोझार यांच्याकडे. जर्मनीतली कोठारं कुठे आहेत हे दोस्त राष्ट्रांना कळलं तर त्या ठिकाणी बाँब तरी पडणार नाहीत, हाही त्यात हेतू होता.

मी स्वतः बरीच वर्षं कारकुनी केली. आवक-जावक वही, तारीख, क्रमांक, शेरा. या कामाला कुणी शौर्य म्हणत नाही. पण व्हालाँबाईंच्या टिपणांत नेमकं हेच आहे, आवक आणि जावक. कुठलं चित्र कुणाचं, हे त्यांनी लिहिलं नसतं तर युद्धानंतर ती चित्रं खरोखरच बेवारस ठरली असती.

त्या कधीच पकडल्या गेल्या नाहीत?

संशय कित्येकदा आला. एकाहून जास्त वेळा त्यांना इमारतीबाहेर काढलं, आणि प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त काढून त्या परत आल्या. गोअरिंगचा कलादलाल ब्रुनो लोझ यानं एकदा त्यांना काहीतरी टिपताना गाठलं आणि यासाठी गोळी घातली जाऊ शकते, असं तोंडावर सुनावलं. बाईंनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं तेव्हाचा प्रसंग तर काळीज हलवणारा आहे. चार वर्षं जर्मनांसोबत एकाच इमारतीत वावरलेली बाई म्हणून आपल्याच लोकांना त्यांचा संशय आला. तळघरात जर्मन लपवलेत का, ते बघायला सशस्त्र माणसं आली आणि पाठीला बंदूक लावून त्यांना तळघराचं दार उघडायला लावलं. आत कलावस्तू होत्या, माणसं नव्हती.

चित्रं जाळली हे खरं का?

व्हालाँबाईंनी जुलै १९४३ च्या टिपणात तसं लिहून ठेवलंय : पाच-सहाशे चित्रं, त्यात मिरो, क्ले, पिकासो, माक्स अर्न्स्ट, फाडून आगीत टाकली. आकड्याबद्दल इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. चित्रांची नासधूस झाली याबद्दल मला शंका वाटत नाही. दुसरं काही नाही तर, ज्या बाईनं बाकी सगळं इतकं नेमकं टिपलं ती याच बाबतीत भलतंच लिहील असं मला वाटत नाही.

चोरी समजली. पण तुम्ही ही खुनाचीही गोष्ट म्हणता, यात खून कुठे आला?

एकाच चित्राची हकीगत सांगते.

१८८० मध्ये फ्रेंच चित्रकार रेन्वारनं आठ वर्षांच्या एका मुलीचं चित्र काढलं. तांबूस मोकळे केस, निळी फीत, मांडीवर हात, मागे हिरवी पानं. मुलीचं नाव इरेन काएन द'आँव्हेर. ज्यू बँकरची लेक. मोठी झाल्यावर तिचं लग्न मॉइझ द कामोंदो यांच्याशी झालं, दोन मुलं झाली, पुढे घटस्फोट झाला. मुलगा निसीम १९१७ मध्ये फ्रान्ससाठी लढताना विमानात मारला गेला. शोकात बुडालेल्या बापानं आपला वाडा, आतल्या एकूण एक वस्तूसकट, मुलाच्या नावानं फ्रान्सला देऊन टाकला.

मुलगी बेआत्रिस हिच्याकडे आईचं ते चित्र आलं होतं. १९४१ मध्ये नाझींनी ते जप्त केलं आणि ते गोअरिंगच्या हाती लागलं. बेआत्रिसचे पती लेआँ रेनाक यांनी झोझार यांना पत्र लिहिलं : आमच्या घराण्यानं फ्रान्सला काय काय दिलं ते पाहा, निसीमनं तर जीव दिला, निदान चित्र परत मिळावं. उपयोग झाला नाही. लेआँ आणि दोन्ही मुलं, फानी आणि बेर्त्राँ, १९४३ मध्ये आउश्वित्झच्या मृत्यूछावणीत पाठवली गेली. बेआत्रिस १९४४ मध्ये. चौघांपैकी कुणीही परत आलं नाही.

चित्र मात्र परत आलं. चित्रातली मुलगी अजून जिवंत होती, सत्तरी ओलांडलेली. तिनं पुनर्विवाह करून धर्म बदलला होता आणि आडनाव इटालियन झालं होतं, म्हणून ती वाचली. १९४६ मध्ये चित्र तिच्या स्वाधीन झालं. तीन वर्षांत तिनं ते विकलं. घेणारा एमिल ब्युर्ले, युद्धात जर्मनीला शस्त्रं विकून गब्बर झालेला झुरिकचा कारखानदार. आज ते झुरिकच्या संग्रहालयात आहे.

एका व्याख्यानानंतर एक आजोबा म्हणाले, "तिनं विकायला नको होतं." मला तसं म्हणवत नाही. त्या चेहऱ्याकडे बघताना तिला काय काय दिसत असेल, ते तिलाच ठाऊक.

फक्त श्रीमंतांचीच लूट झाली का?

नाही, आणि हे आवर्जून सांगायला हवं. पॅरिसमधल्या ज्यूंची सुमारे ३८ हजार घरं रिकामी केली गेली. पलंग, पडदे, भांडीकुंडी, शिवणयंत्रं, खेळणी, दिव्याचे बल्ब. हा माल निवडायला, पुसायला, बांधायला ज्यू कैदीच लावले होते. लेव्हिताँ नावाचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, त्याचीच छावणी केली होती. तिथे एखाद्या कैद्याच्या हाती स्वतःच्याच घरातली वस्तू यायची. ती हातात घ्यायची, पुसायची आणि पेटीत ठेवायची.

मालगाडीचा किस्सा खरा का? 'द ट्रेन' या चित्रपटात दाखवलाय तसा?

गाडी खरी, पण चित्रपटात ती मैलोगणती धावते, रूळ बदलले जातात, मारामाऱ्या होतात. खरी गाडी पॅरिसच्या वेशीबाहेर फारशी गेलीच नाही आणि माझ्या मते खरी गोष्ट जास्त थरारक आहे.

ऑगस्ट १९४४. दोस्तांचं सैन्य जवळ येतंय. जर्मनांनी 'झ्य द पोम'मधली उरलेली आधुनिक चित्रं १४८ पेट्यांत भरून ओबेर्व्हिलिए स्थानकात पाच डब्यांत चढवली. पिकासोची ६४ चित्रं, ब्राकची २९, शिवाय सेझान, दगा, मोदिग्लियानी. व्हालाँबाईंनी पेट्यांचे आणि डब्यांचे क्रमांक उतरवून झोझार यांना दिले; तिथून निरोप रेल्वेतल्या प्रतिकार चळवळीच्या लोकांकडे गेला. गाडी लगेच निघाली असती तर हातची जाणार होती. पण पथकाचा प्रमुख कुर्ट फॉन बेअर याला उरलेले चाळीसहून जास्त डबे लुटलेल्या फर्निचरनं भरल्याशिवाय गाडी सोडायची नव्हती. त्यात दिवस गेले. मग रेल्वे कामगारांचा संप, मग इंजिनात बिघाड, मग रूळ मोकळा नाही. कपाटं आणि खाटांच्या हव्यासापायी सेझान आणि पिकासो हातचे गेले.

२७ ऑगस्टला फ्रेंच सैनिकांच्या एका तुकडीनं गाडी ताब्यात घेतली. तुकडीचा लेफ्टनंट होता आलेक्झांद्र रोझेनबेर्ग. त्याचे वडील पॉल रोझेनबेर्ग हे पॅरिसचे नावाजलेले कलाविक्रेते. (नाझी रोझेनबेर्गशी यांचा काही संबंध नाही, फक्त आडनाव सारखं.) त्यांची चित्रं लुटून त्यांच्याच दुकानात ज्यूद्वेष पसरवणारी संस्था थाटली होती. डब्याची दारं उघडली, पेट्या फोडल्या, आणि आत या मुलाच्या घरच्या भिंतीवरची चित्रं निघाली.

मोनालिसा कशी वाचली?

ती या लुटीत सापडलीच नाही. ऑगस्ट १९३९ मध्येच, युद्ध पेटण्याआधी, झोझार यांनी 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावून लूव्र संग्रहालय रिकामं केलं. मोनालिसा गावोगावच्या गढ्यांमधून फिरत राहिली आणि १९४५ मध्ये घरी परतली.

घबाड शेवटी कुठे सापडलं?

निरनिराळ्या ठिकाणी. अमेरिकी सैन्यात कलावस्तूंसाठी नेमलेले अधिकारी होते; त्यातले जेम्स रोरिमर पॅरिसमध्ये व्हालाँबाईंना भेटले. बाईंनी लगेच काही सांगितलं नाही. महिनोन् महिने माणूस पारखला. रोरिमर जर्मनीत जाणार हे नक्की झालं तेव्हा याद्या, फोटो, ठिकाणं त्यांच्या हवाली केली. त्यातलं मुख्य नाव होतं नॉयश्वानश्टाइन, बव्हेरियातला तो परीकथेतल्यासारखा किल्ला. मे १९४५ मध्ये रोरिमर तिथे पोचले तेव्हा चित्रं तर मिळालीच, पण रोझेनबेर्ग पथकाच्या नोंदींची अख्खी कार्डं आणि निगेटिव्हही मिळाली. म्हणजे चोरांनीच ठेवलेला चोख हिशेब!

ऑस्ट्रियातल्या आल्टाउसे इथल्या मिठाच्या खाणीत साडेसहा हजारांहून जास्त चित्रं होती. मीठ ओलावा शोषतं, हवा सारखी राहते, म्हणून खाण. तिथेच गेंटचं प्रसिद्ध वेदीचित्र, मायकेलँजेलोची ब्रूजची मॅडोना आणि व्हर्मीरचा 'खगोलज्ञ'. तिथल्या नाझी पुढाऱ्यानं आठ पेट्या आत पाठवल्या होत्या. वर लिहिलेलं : संगमरवर, जपून, उलटू नका. आत प्रत्येकी ५०० किलोचा बाँब. हरायची वेळ आली की सगळं उडवून द्यायचं, हा बेत. मे १९४५ च्या सुरुवातीला खाण कामगारांनी त्या पेट्या रातोरात बाहेर काढून झाडाखाली ठेवल्या. खाण गेली तर उद्या खायचं काय, हाही विचार त्यांच्या मनात होता. त्यामुळे त्यांचं मोल माझ्या लेखी कमी होत नाही.

जर्मनीतल्या मेर्कर्सच्या खाणीत बर्लिनच्या संग्रहालयांची चित्रं होती आणि बँकेच्या सोन्याच्या ८,१९८ विटाही. त्याच खोलीत नाझींच्या एस.एस. दलानं ठेवलेल्या थैल्या मिळाल्या. त्यांत लग्नाच्या अंगठ्या, चष्म्याच्या काड्या आणि सोन्याचे दात होते.

चोरांना शिक्षा झाली का?

काहींना. आल्फ्रेड रोझेनबेर्ग ऑक्टोबर १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला फासावर गेला. गोअरिंगनं फाशीच्या आदल्या काही तासांत विष घेतलं. फॉन बेअर आणि त्याच्या बायकोनंही विष घेतलं.

लोझ मात्र सुटला. १९५० मध्ये पॅरिसच्या लष्करी न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं आणि म्युनिकमध्ये त्यानं चित्रांचा धंदा सुखेनैव केला. २००७ मध्ये तो वारला, पंच्याण्णव वर्षांचा होऊन. मग झुरिकच्या एका बँकेतला लॉकर उघडला गेला. तो लिख्टेनश्टाइनमधल्या एका कागदोपत्री संस्थेच्या नावावर होता. आत पिसारोचं एक चित्र होतं, १९३८ मध्ये व्हिएन्नातल्या एका ज्यू कुटुंबाच्या घरातून गेलेलं. जवळजवळ सत्तर वर्षं ते त्या कुटुंबाच्या हाती आलं नव्हतं.

मग सगळी चित्रं मालकांना मिळाली?

नाही. फ्रान्समध्ये साठेक हजार वस्तू परत आल्या, त्यातल्या सुमारे ४५ हजार मालकांना किंवा वारसांना मिळाल्या. बऱ्याच सरकारनं विकल्या. दोन हजारांच्या वर अजून संग्रहालयांच्या सांभाळात आहेत, मालकाची वाट बघत. २०१२ मध्ये म्युनिकमध्ये एका एकट्या म्हाताऱ्या गृहस्थाच्या फ्लॅटमध्ये बाराशेहून जास्त चित्रं सापडली. त्याचा बाप नाझींसाठी चित्रांचे सौदे करायचा. त्यातलं मातीसचं एक चित्र २०१५ मध्ये पॉल रोझेनबेर्ग यांच्या वारसांना मिळालं. फ्रान्सनं अशा परतफेडीचा स्वतंत्र कायदा केला तो २०२३ मध्ये. इतकी वर्षं का लागली, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. संग्रहालयांनाही भिंतीवरचं चित्र उतरवणं जिवावर येतं.

व्हालाँबाईंचं पुढे काय झालं?

त्या फ्रेंच सैन्यात कॅप्टन झाल्या आणि १९५३ पर्यंत जर्मनीत राहून चित्रं शोधत राहिल्या. फ्रान्स, अमेरिका, जर्मनी, सगळ्यांनी पदकं दिली. १९६१ मध्ये आठवणी छापल्या. जॉयस हीर या त्यांच्या जन्माच्या जोडीदार. त्या १९७७ मध्ये गेल्या आणि व्हालाँबाई १९८० मध्ये. आपल्या जन्मगावी दोघी एकाच थडग्यात आहेत. बाई निवृत्तीनंतरही कागद हाताळत राहिल्या. काही सहकाऱ्यांना त्याचा कंटाळा यायचा. युद्ध संपलं, आता किती उगाळायचं! लहान गावातली, लोहाराची मुलगी, स्त्री, वर कुणाची भीड न ठेवणारी. विसरायला एवढी कारणं पुरतात.

आपल्या मुंबईशी याचा काही संबंध आहे?

या चित्रांशी थेट नाही, पण या पळापळीशी आहे. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून आलेले एमान्युएल श्लेसिंगर मुंबईत स्थिरावले आणि इथल्या तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेऊ लागले. वॉल्टर लँगहॅमर आणि रुडी फॉन लायडन हे त्यांचे सोबती. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या मागे ही मंडळी उभी राहिली.

पॅरिसला गेलो तर काय पाहावं?

'झ्य द पोम'च्या भिंतीवर व्हालाँबाईंच्या नावाची पाटी आहे. मी पाहिली तेव्हा लोक बागेकडे जायच्या घाईत होते. पाटी वाचायला मिनिटभर लागतं, ते द्या.

मग लूव्रमध्ये व्हर्मीरचा 'खगोलज्ञ' शोधा. छोटंसं चित्र आहे, चटकन डोळ्यांत भरणार नाही. खिडकीतून उजेड येतोय आणि एक माणूस गोलावर हात ठेवून बसलाय. हे रोथशिल्ड या ज्यू बँकर घराण्याकडून लुटलं, 'झ्य द पोम'मधून हिटलरसाठी गेलं, आल्टाउसेच्या खाणीत त्या बाँबच्या पेट्यांजवळ राहिलं आणि परत आलं. समोरून काहीच कळत नाही. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला काळ्या शाईत एक लहानसा स्वस्तिकाचा शिक्का आहे.